जांघेतली खाज आणि तिसरी ट्यूब

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं आहे की वय २९, चाकणला कंपनीत, उभ्याचं काम, दहा-दहा तास जीन्स आणि सेफ्टी शूज, चौघं मित्र एका खोलीवर. दीड महिन्यापासून दोन्ही जांघांत खाज. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की दोन दिवसांत गायब, बंद केली की आठवड्यात परत, आता तिसरी ट्यूब चालू आहे. त्यात गेले आठ दिवस लिंगाच्या पुढच्या कातडीला लाली आलीये, बारीक चिरा पडल्यात, लघवी करताना तिथे लागली की झोंबतं. साडेतीन महिन्यांपूर्वी एकदा कंडोमशिवाय संबंध आला होता त्यामुळे डोक्यात भलतंच चाललंय, आणि डिसेंबरात साखरपुडा. विचारलंय असं की एवढ्याशा खाजेसाठी डॉक्टरकडे जायलाच पाहिजे का, की अजून थोडे दिवस बघू.

मी स्किनची डॉक्टर. सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी बावीस वर्षं दवाखाना चालवते. बाई आहे हे मुद्दाम सांगते, कारण पुरुष पेशंट दारातून आत येतात, मला बघून "सर नाहीयेत का?" विचारतात, सर मुळातच नाहीयेत कळल्यावर हातावरचा एखादा तीळ दाखवतात, फी देतात, आणि दाराशी पोचल्यावर मागं वळतात, "मॅडम, अजून एक होतं..." ते अजून एक म्हणजेच खरं दुखणं. तोवर त्याला दोन-तीन महिने झालेले असतात.

तर तुमचं उत्तर आधी देऊन टाकते, जा, आणि याच आठवड्यात जा. पण का ते समजून घ्या, कारण तुम्ही एक प्रश्न म्हणून लिहिलंय त्यात तीन वेगळी प्रकरणं आहेत, जांघेची खाज, पुढच्या कातडीच्या चिरा आणि मनातली भीती. तिन्हीचं कारण बहुतेक वेगळं आहे आणि तिन्हीची घाई पण वेगळी आहे. न बघता मी सांगतेय त्यामुळे "बहुतेक" हा शब्द सगळीकडे धरून चाला.

जांघेपासून सुरू करू. घाम येणारा माणूस, घट्ट जाड कपडा, दोन्ही बाजूंना खाज, ट्यूबने जाते आणि परत येते, हे ऐकलं की आमच्या डोक्यात पहिलं नाव गजकर्ण, म्हणजे नायटा, फंगस. साधारण गोल किंवा अर्धगोल चट्टा, कड उचललेली लाल, कडेला बारीक पुटकुळ्या किंवा कोंडा, आणि मधला भाग बरा होत आल्यासारखा. आता तुमची ट्यूब. नाव लिहिलेलं नाहीये पण मला जवळपास खात्री आहे की पाठीमागे बारीक अक्षरात क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन असणार, सोबत एक अँटिबायोटिक आणि एक फंगसचं औषध. आमच्याकडं याला तीन-इन-वन, चार-इन-वन म्हणतात. यातलं पहिलं नाव म्हणजे स्टिरॉइड. स्टिरॉइड काय करतं, तर खाज आणि लाली दाबतं, म्हणजे शरीर फंगसशी जे भांडत असतं ते भांडणच बंद करून टाकतं. तुम्हाला दोन दिवसांत वाटतं बरं झालं, खाली फंगस निवांत पसरतंय. बंद केलं की भांडण परत सुरू, आणि तोवर चट्टा दुप्पट.

वर जांघेतली आणि अंडकोषावरची कातडी पातळ. एक जुना पण पक्का आकडा सांगते, अंडकोषावरची कातडी कोपराखालच्या हाताच्या कातडीपेक्षा जवळपास ४० पट जास्त स्टिरॉइड शोषून घेते. म्हणजे हातावर जे मलम सौम्य ते तिथं जबरदस्त. दोन-तीन महिने लावत राहिलं की जांघेत पांढुरके, लालसर पट्टे पडतात, बाळंतपणानंतर पोटावर पडतात ना तसे, आणि ते कायमचे. फंगस जाईल, पट्टे राहतील. काही जणांचं अंडकोष लालभडक होऊन नुसती आग होत राहते, खाज नाही काही नाही, फक्त आग, आणि ट्यूब सोडली की आग वाढते म्हणून माणूस ट्यूब सोडत नाही. दारूसारखंच झालं ते.

हा आपल्याकडचा किरकोळ प्रकार राहिलेला नाहीये. मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा गजकर्ण म्हणजे पंधरा दिवसांचं मलम, पेशंट परत तोंड दाखवायचा नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत चित्र पालटलं. गोळ्या देऊनही न हटणारं, घरातल्या चौघांना एकदम झालेलं, मांडीपासून पाठीपर्यंत चढलेलं गजकर्ण रोज बघतो. यामागं जी बुरशी आहे तिला २०२० साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं वेगळं नाव मिळालं, जपानमधल्या डॉक्टरांनी भारतातून आणि नेपाळमधून आलेल्या पेशंटच्या नमुन्यांवरून दिलं, नावातच आपला देश. टर्बिनाफिन नावाच्या नेहमीच्या गोळीला यातल्या बऱ्याच बुरश्या दाद देत नाहीत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पण सापडली. त्यामुळे "मित्राने टर्बिनाफिनचा कोर्स केला, मी पण तोच करतो" हे आता चालत नाही. आणि स्टिरॉइडच्या या ट्यूबा सरकारने २०१८ सालीच शेड्यूल एच मध्ये टाकल्यात, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत, पण काउंटरवर जाऊन "जांघेत खाजतंय" एवढं हळू आवाजात म्हटलं की अजूनही मिळतात. मेडिकलवाल्याला शिव्या देऊन उपयोग नाही, तुम्ही त्याच्याकडं गेलात कारण तो कपडे काढायला सांगत नाही.

मग खाज आली की लगेच डॉक्टर गाठायचा का? नाही. इथे परिस्थितीवर अवलंबून आहे. नवीन खाज आहे, चट्टा छोटा आहे, जखम नाही, पाणी येत नाही, ताप नाही, तुम्हाला डायबेटिस नाही, बाई असाल तर दिवस गेलेले नाहीत, तर दोन आठवडे घरी बघायला हरकत नाही. पण बघायचं म्हणजे काय ते नीट ऐका. साबण, अँटिसेप्टिक लिक्विड, पावडर, सुगंधी वाइप्स, खोबरेल तेलात कापूर, कडुलिंबाचा पाला वाटून, हे सगळं बंद. फक्त पाणी, आणि आंघोळीनंतर टिपून कोरडं करणं, घासून नाही. सैल सुती चड्डी, दिवसातून दोनदा बदललेली. लावायचंच असेल तर नुसतं क्लोट्रिमाझोल, ज्याच्या डबीवर एकच औषधाचं नाव आहे असं. दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं जास्तीचं, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही अजून दोन आठवडे. डबीवर एकापेक्षा जास्त नावं दिसली की परत ठेवा. दोन आठवड्यांत निम्म्याने सुद्धा फरक नाही, किंवा जाऊन परत आलं, की वाट बघणं संपलं. तुम्ही तो टप्पा पहिल्या ट्यूबलाच ओलांडलाय.

आणि प्रत्येक खाज फंगस नसते, हे मी स्वतः तोंडावर पडून शिकलेय. सुरुवातीच्या वर्षांत एक ऊसतोडीचा मुकादम यायचा, जांघेत खाज, मी तीनदा फंगसचं औषध दिलं. चौथ्या वेळेस तो बायको आणि लहान पोराला घेऊन आला, पोराच्या हाताच्या बोटांच्या बेचक्यात पुटकुळ्या, रात्रभर रडतंय. खरूज होती! मी त्याची बोटं एकदाही बघितली नव्हती, कारण त्यानं जांघ दाखवली आणि मी जांघच बघितली. त्यानंतर मी पहिलं काम करते ते म्हणजे "हात दाखवा". रात्री गादीत शिरल्यावर खाज वाढते, घरात किंवा खोलीवर अजून कुणाला खाजतं, लिंगावर किंवा अंडकोषावर घट्ट खाजऱ्या गाठी आल्यात, तर खरूज समजा. मग औषध एकट्याला नाही, खोलीवरच्या चौघांना एकाच रात्री, मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, आणि आठवड्याने परत. चौघांतला एक जरी "मला काही नाहीये" म्हणून राहिला तरी महिन्याभरात सगळे परत माझ्याकडे.

याशिवाय सोरायसिस तिथे होतो, कोंडा नसलेला चकचकीत लाल चट्टा, तेव्हा डोकं, कोपर आणि नखं बघावी लागतात. नुसतं खाजवून खाजवून कातडी जाड काळी होते, ताण आला की खाज, परीक्षा आली की खाज, तो वेगळा प्रकार. केस काढायच्या क्रीमची ॲलर्जी होते. आणि एक प्रकार फारच लोकांना घाबरवतो तो सांगते. माणूस येतो, लिंगाच्या टोकावर रुपयाएवढा काळपट जांभळा डाग, आधी आग झाली, फोड आला, मग कातडी गेली. रात्रभर झोपलेला नसतो, बायकोशी बोलत नाही. मी विचारते, त्याआधी एक-दोन दिवसांत कुठली गोळी घेतलेली? खूपदा उत्तर निघतं, जुलाब झालेले, मेडिकलमधून गोळी आणली. सहा महिन्यांपूर्वी पण असंच झालेलं का, त्याच जागी? हो. हा औषधाचा डाग आहे, ती गोळी पोटात गेली की दर वेळेस नेमक्या त्याच जागी उठतो. नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोलची जोडगोळी, सल्फाची गोळी, काही अंगदुखीच्या गोळ्या, ही नेहमीची मंडळी. गुप्तरोगाशी काडीचा संबंध नाही. कागदावर त्या गोळीचं नाव लिहून देते, पाकिटात ठेवा म्हणते, आणि माणसाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आता तुमचं दुसरं प्रकरण, पुढच्या कातडीच्या चिरा. खरं सांगायचं तर तुमच्या सगळ्या वर्णनात मला जास्त खटकलं ते हेच, आणि तुम्ही ते सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलंय. पुढची कातडी लाल, टोकाला उभ्या बारीक चिरा, मागे घेताना ताणल्यासारखं, कधी खाली दह्यासारखा पांढरा थर. ही कँडिडा नावाची बुरशी असू शकते, तुमची स्टिरॉइडची ट्यूब तिथेही लागली असेल तर तिला खतपाणी मिळालं. पण कँडिडाला सगळ्यात जास्त आवडते साखर. माझ्याकडे एक रिक्षावाले आलेले, पस्तिशीचे, अंगाने सडपातळ, घरात कुणाला डायबेटिस नाही म्हणाले, फक्त चिरा. टेबलावरच्या मशीनवर बोट टोचलं, आकडा ३४०. बोट पुसून परत टोचलं, कारण सकाळी रिक्षात बसून पेढा खाल्लाय का, बोटाला लागलंय का, असं मला वाटलं. परत तेवढाच. त्यांना तहान लागत होती, रात्री दोनदा लघवीला उठत होते, पण उन्हाळ्यामुळे असेल असं धरून चाललेले. कातडीच्या चिरांवरून डायबेटिस कळणं हे आमच्याकडे काही नवल नाही, वर्षातून आठ-दहा जण तरी असे निघतात. म्हणून तुम्हाला पहिलं काम सांगते, उद्या सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासा, जमलं तर तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीएवनसी पण करा. कुठल्याही लॅबला चिठ्ठीशिवाय होतं, काही कारण सांगावं लागत नाही.

आधीच डायबेटिस असलेल्यांनी हे वाचलं तर अजून एक, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा नावाच्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात. चांगल्या गोळ्या आहेत, हृदयाला आणि किडनीला फायदा होतो, पण लघवीच्या जागेवर साखर सांडत राहते आणि तिथे बुरशी धरते, बायकांना पण आणि पुरुषांना पण. गोळी मनाने बंद करू नका, पण ज्यांनी दिली त्यांना "खाली खाज आहे" हे सांगा. बहुतेक लोक सांगत नाहीत कारण साखरेच्या डॉक्टरला खाजेचं काय सांगायचं असं वाटतं.

चिरा पडलेल्या असताना कातडी जबरदस्तीने मागे ओढू नका. आणि मागे घेतली तर पुढे आणायला विसरू नका, कारण सुजून मागेच अडकली तर ते खरंच त्याच रात्रीचं काम आहे, पुढचा भाग निळसर व्हायला लागतो, तासांचा हिशेब असतो.

तिसरं प्रकरण, भीती. साडेतीन महिने झालेत, म्हणजे तुम्ही उलट बऱ्या जागी उभे आहात, कारण आज केलेली टेस्ट जवळपास शेवटचा शब्द असते. एचआयव्हीची टेस्ट तीन महिन्यांनंतर निगेटिव्ह आली तर त्या एका संबंधाचा विषय संपतो. सिफिलिस या गुप्तरोगाची व्हीडीआरएल नावाची रक्ताची टेस्ट त्यासोबत करून घ्या. एचआयव्हीमुळे नुसती जांघेत खाज येते असं काही नसतं, पण तुम्ही रात्री मोबाईलवर वाचत बसलात तर सगळंच आपल्याला लागू पडतं. टेस्ट सरकारी दवाखान्यात फुकट होते, जिल्हा रुग्णालयात आणि बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत आयसीटीसी म्हणून खोली असते, आधी काउन्सेलर बोलतो, मग रक्त. लैंगिक आजारांसाठी वेगळं सुरक्षा क्लिनिक पण असतं, तिथे तपासणी आणि औषध दोन्ही मोफत. १०९७ हा नॅकोचा, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेचा फोन नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. रिपोर्ट दुसऱ्याला सांगता येत नाही, २०१७ चा कायदाच आहे तसा. एस. टी. स्टँडच्या मुतारीच्या भिंतीवर "गुप्तरोग, हमखास इलाज" लिहिलेलं असतं तिकडे मात्र जाऊ नका, तिथून लुबाडून आलेली माणसं मी बघितलीत, एकाने म्हैस विकलेली.

आणि ज्याचा असा संबंध काल किंवा परवा आलाय अशा कुणी हे वाचलं, तर तुमच्यासाठी वेळ वेगळी आहे. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं, सिव्हिलला जा आणि सरळ सांगा.

मग थांबायचं कशात आणि पळायचं कशात, हे लोक सारखं विचारतात, तर माझ्या डोक्यातला हिशेब असा आहे. त्याच दिवशी, रात्र असली तरी कॅज्युअल्टीला, केव्हा जायचं, तर सूज तासातासाला पसरतेय, कातडी काळी निळी पडतेय, घाण वास येतोय, ताप आहे, आणि दिसतंय त्यापेक्षा दुखणं खूपच जास्त आहे, विशेषतः डायबेटिसवाल्याला. हा जंतूंचा आतल्या आत सडवणारा प्रकार असू शकतो, यात सकाळची वाट बघून माणसं गेलीत. अचानक एका बाजूच्या अंडकोषात जीवघेणी कळ आली तरी लगेच, तो पिळा बसलेला असला तर साधारण सहा तासांत सोडवला तर अंडकोष वाचतो. नवीन गोळी सुरू केल्यावर खाली फोड, आणि सोबत तोंडात पण फोड, डोळे लाल, तरी लगेच, आणि गोळी सोबत न्या. लघवी अडली तरी लगेच.

दोन-तीन दिवसांत जायचं ते असं, पुंजक्याने आलेले बारीक पाण्याचे फोड जे झोंबतात, कारण ते हर्पिस नावाच्या व्हायरसचे असू शकतात आणि त्याचं औषध सुरुवातीच्या दिवसांत सुरू केलं तरच नीट काम करतं, फोड सुकल्यावर येऊन "काय होतं ते सांगा" म्हटलं तर मी काय सांगणार. लघवीच्या वाटेने पू. आणि दुखत नसलेली जखम. हे उलटं वाटतं पण न दुखणाऱ्या जखमेलाच मी जास्त घाबरते. सिफिलिसची पहिली जखम बहुतेक वेळा दुखत नाही, संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी येते, जांघेत अवधाण, म्हणजे गाठ येते, आणि काही न करता चार-सहा आठवड्यांत जखम आपोआप भरून जाते. माणूस म्हणतो देवाची कृपा. आजार आतच असतो, पुढे काही महिन्यांनी तळहातावर पुरळ घेऊन येतो. सुरुवातीला पकडला तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनवर बरा होणारा आजार आहे.

आणि ज्यासाठी यायची काही घाई नाही ते पण सांगते, नाहीतर उगाच घाबरून बसाल. लिंगाच्या टोकाच्या कडेला गोलाकार ओळीने मोहरीएवढे एकसारखे पांढुरके दाणे असतील, वर्षानुवर्षं तसेच, खाजत नाहीत, तर ते बऱ्याच पुरुषांना असतात, आजार नाही, चामखीळ नाही. कातडीखाली पिवळसर रव्यासारखे ठिपके, ते पण नॉर्मल. इंटरनेटवर बघून ते जाळायला निघालेली पोरं माझ्याकडे येतात.

हे वाचणाऱ्या बायका पण असतील म्हणून थोडं त्यांच्यासाठी. दह्यासारखं पांढरं जातंय आणि खाज, एकदाच झालं, तर साधं असतं. पण वर्षात तीन-चारदा झालं, वासाचं किंवा हिरवट पिवळं जातंय, ओटीपोटात दुखतंय, संबंधानंतर रक्त जातंय, दिवस गेलेत, तर गायनॅककडे जा, दरवेळी तीच कांडी घालून भागवू नका. आणि पाळी गेलेल्या बायकांना एक आजार होतो त्याबद्दल मला खरंच लिहायचंय. एका ६३ वर्षांच्या आजींना सूनबाई घेऊन आल्या, तेही आजींच्या पायाच्या भेगा दाखवायला. भेगा बघून झाल्या तरी आजी उठेनात. मग सुनेला बाहेर पाठवलं तर म्हणाल्या, "बाई, आठ-नऊ वर्षं झाली, रात्री झोप नाही, कुनाला सांगू." बघितलं तर सगळी जागा पांढरी, कांद्याच्या पातळ सालीसारखी सुरकुतलेली, खाजवून रक्ताचे ठिपके, आणि बाजूच्या पाकळ्या चिकटून जवळजवळ नाहीशा झालेल्या. याला लायकेन स्क्लेरोसस म्हणतात. फंगस नाही, संसर्ग नाही, संबंधातून येत नाही. उलट गंमत बघा, याला औषध म्हणजे तेच क्लोबेटासॉल, जे तुमच्यासाठी विष आहे ते त्यांच्यासाठी औषध, पण डॉक्टरने मोजून दिलेलं, शेंगदाण्याएवढं, आणि नजरेखाली. उपचार नाही केले तर थोड्या बायकांमध्ये पुढे तिथे कॅन्सर होतो, म्हणून भरत नसलेली जखम किंवा घट्ट गाठ दिसली तर तुकडा काढून तपासावा लागतो. आजी पंधरा दिवसांनी आल्या तेव्हा म्हणाल्या पहिल्यांदा चार तास सलग झोपले. घरात आई, सासू, आत्या असेल तर कधीतरी एकटीला विचारा, स्वतःहून नाही सांगणार त्या.

आता तुम्ही जाणार तेव्हा काय होतं, कारण निम्मी माणसं तिथे काय करतील याच धास्तीने येत नाहीत. पडदा असतो, चांगल्या उजेडात बघतात, दोन-तीन मिनिटं. चट्ट्याच्या कडेची साल बोथट ब्लेडने खरवडतात, दुखत नाही, काचपट्टीवर घेऊन केओएच नावाच्या रसायनाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. फंगस असेल तर फांद्या फुटलेल्या दोऱ्यासारखं दिसतं. मी पेशंटलाच बघायला लावते, एकदा डोळ्याने दोरा बघितला की माणूस औषध अर्धवट सोडत नाही. यासाठी जायच्या आधी चार-पाच दिवस काही लावू नका, नाहीतर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. मात्र एवढ्या स्टिरॉइडनंतर ट्यूब बंद केल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी खाज भडकेल, ते अपेक्षित आहे, घाबरून चौथी ट्यूब आणू नका, थंड पाण्याचा ओला रुमाल ठेवा. सहन होत नसेल तर चार दिवस न थांबता तसेच जा. केस काढून जाऊ नका. लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या, रिकाम्या पण. लाज वाटते म्हणून लोक "काही नाही लावलं" म्हणतात आणि मग आम्ही चुकीच्या वाटेने जातो. भडकलेल्या अवस्थेतला एखादा फोटो मोबाईलवर काढून ठेवा, दाखवायला उपयोगी पडतो.

औषध बहुतेक पोटातून आणि वरून दोन्ही मिळेल, आणि दीड-दोन महिने चालेल. गोळ्या सुरू असताना तुम्ही दुसऱ्या कुठल्या गोळ्या घेता ते सांगा, लिव्हरचा त्रास झालेला असेल तर सांगा, दारू घेत असाल तर ते पण सांगा, तिथे खोटं बोलू नका. इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यायच्या असतात, उपाशीपोटी घेऊन "फरक नाही" म्हणणारे खूप आहेत.

आणि खोलीवरचं. चौघांचा टॉवेल वेगळा. चड्ड्या गरम पाण्यात धुवून, उलट्या करून, उन्हात. पावसाळ्यात खोलीतच दोरीवर अर्धवट वाळतात ना, त्यावर इस्त्री फिरवा, विशेषतः शिवणीवर. ओली जीन्स परत चढवू नका, कंपनीत सुती पँट चालत असेल तर विचारा. आणि कमरेला करगोटा असेल तर तो काढा. हसू नका, काळा दोरा वर्षानुवर्षं तोच, घामाने भिजलेला, त्याच्या खालोखाल गोल पट्टा गजकर्णाचा, मी किती बघितलेत. आईने बांधलाय, देवाचा आहे, असं असेल तर नवीन बांधा पण बरं झाल्यावर.

लग्नाचं. डिसेंबरला अजून वेळ असेल तर तोपर्यंत हे सगळं निस्तरून जाईल, साखरपुड्याच्या आड येणारं यात काही दिसत नाही मला. दोन्ही टेस्ट मात्र साखरपुड्याच्या आधी करा, नंतर नाही, आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत कुणाशी संबंध नको, चिरा असताना तर नकोच.

तर उद्या सकाळी काही न खाता लॅबमध्ये, तिथूनच एचआयव्ही आणि व्हीडीआरएल दिलं तरी चालेल, ट्यूब आजपासून बंद, आणि शनिवार-रविवारच्या आत एखाद्या एमडी किंवा डीव्हीडी (हा त्वचारोगाचा डिप्लोमा) स्किनवाल्याकडे नंबर लावा. चाकण-पिंपरीकडे भरपूर आहेत, संध्याकाळी उशिरापर्यंत असतात, शिफ्ट सुटल्यावर जाता येईल. साखरेचा आकडा आला की कळवा. फोटो मात्र मला किंवा इथे कुणालाच पाठवू नका.